रक्ताच्या रिपोर्टमध्ये ओसीडी दिसतो का?

सायली_के

धागा आरोग्य विभागात काढतेय. आधी कुणी काढला असेल तर दुवा द्या, मला शोधून सापडला नाही.

धाकट्या भावाला मंत्रचळाचं, म्हणजे ओसीडीचं निदान झालंय. वय २६, पुण्यात नोकरी. पाठवलेला मेल भलत्याच माणसाला गेला नाही ना, हे 'सेंट'मध्ये जाऊन पाहत बसतो. रात्री गॅस, मग कडी, मग पुन्हा गॅस. सर्ट्रालिनची गोळी चालू आहे, थेरपीही आत्ताच सुरू झालीय. तो त्याच्या परीने बऱ्यापैकी निभावतोय. अडलंय ते बाबांपाशी. त्यांचा जन्म बँकेत गेला, सही-शिक्क्याचा कागद दिसल्याशिवाय काही पटत नाही. म्हणतात, "साखरेचा रिपोर्ट असतो, थायरॉइडचा असतो, हार्ट अटॅकसुद्धा रक्तात कळतो. मग ह्याचाच रिपोर्ट का नाही? डॉक्टर नुसत्या गप्पा मारतात आणि गोळ्या लिहून देतात."

त्यात काकांनी फॅमिली ग्रुपवर बातमी टाकली की ओसीडीच्या पेशंटांच्या रक्तात एक प्रथिन सहापट सापडलं. बाबांनी लगेच एका लॅबचं 'मेंटल वेलनेस पॅनल' शोधून काढलं. शनिवारी उपाशीपोटी घेऊन जातो म्हणतायत.

अशी तपासणी खरंच असते का? आणि नसली तरी करून घ्यायला हरकत काय?

कोकणकडा

आधी पॅनलमध्ये काय काय आहे ती यादी टाका.

सायली_के

बी१२, डी, टीएसएच, सीआरपी, होमोसिस्टीन, सकाळचं कॉर्टिसॉल, लोह.

रक्तपेशी

लॅबमध्ये आयुष्य गेलंय म्हणून लिहितो. यातली एकही ओसीडीची तपासणी नाही. बी१२ आणि टीएसएच बघायला हरकत नाही, बरेच मानसोपचारतज्ज्ञ ते स्वतःच लिहून देतात. बी१२ची कमतरता आपल्याकडच्या शाकाहारी घरांत सर्रास निघते, ती भरून काढावीच. पण तिचा गॅसच्या बटणाशी संबंध लावू नका. सीआरपी हे एक प्रथिन आहे, यकृत तयार करतं, आणि हिरडी सुजली तरी वाढतं. नाव मोठं दिलं म्हणून नळीतलं रक्त काही वेगळं सांगायला लागत नाही.

आता ती सहापटवाली बातमी. ती २०२० सालची. प्रथिनाचं नाव इम्युनो-मूड्युलिन, थोडक्यात इमूड. लंडनच्या रोहॅम्प्टन विद्यापीठातले फुल्विओ द'अक्विस्तो आणि हर्टफर्डशर विद्यापीठातल्या मानसोपचारतज्ज्ञ नेओमी फाइनबर्ग यांनी मिळून केलेलं काम. मजा म्हणजे त्यांच्यातलं कुणी ओसीडीच्या मागे लागून तिथे पोचलं नव्हतं. द'अक्विस्तो अॅनेक्सिन-ए१ या प्रथिनावर काम करत होते, ते प्रतिकारशक्तीशी निगडित. रक्तातल्या टी-पेशींमध्ये (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ते जास्त तयार होईल असे उंदीर त्यांनी बनवले, तर उंदीर घाबरट निघाले. मग त्या टी-पेशींत कुठला जनुक जास्त चालतोय ते शोधलं, तो इमूडचा निघाला. इमूडला अडवणारी अँटिबॉडी दिल्यावर उंदीर दोन-चार दिवसांत ताळ्यावर आले. पुढे माणसांत पाहिलं: २३ ओसीडीचे रुग्ण, २० निरोगी. रुग्णांच्या टी-पेशींत इमूड सरासरी सहापट.

काम देखणं आहे, मला स्वतःला आवडलं. पण ४३ माणसं. आणि हे प्रथिन पेशींमध्ये मोजलंय, तुमच्या पॅनलसारखं सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात नाही. 'सरासरी सहापट' म्हणजे प्रत्येक रुग्णात सहापट असंही नव्हे. तुमच्या पॅनलमध्ये ते नाही, असायचं कारणही नाही.

मिरजकर_वहिनी

छान समजावलंत. पण सायलीच्या बाबांचा प्रश्न मलाही पडतो. हार्ट अटॅक रक्तात कळतो, मग हे का कळू नये?

रक्तपेशी

वहिनी, प्रश्न चांगलाच आहे. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायू मेला की ते रक्तात गळतं. रक्तात सापडलं म्हणजे तिकडे स्नायूला इजा झाली, मधे अंदाजाला फारशी जागा नाही. एचबीए१सी म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन. साखर जास्त तर चिकटणं जास्त, थेट हिशोब. ओसीडीत मेंदूचं काही मरून गळत नाही. कपाळामागचा भाग, खोलवरचे बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस यांच्यातलं एक मंडल जास्त जोराने फिरत राहतं. पेशी मेलेल्या नसतात, फिरण्याची लय बिघडलेली असते. वरून मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गाने कडक तपासणी-नाकं बसवलंय. दंडातल्या रक्तावरून त्या मंडलाचं निदान करणं म्हणजे शेजारी काय शिजतंय ते गल्लीतल्या गटाराच्या पाण्यावरून सांगणं. कधी जमेलही, पण शपथेवर नको.

उदाहरण म्हणून बीडीएनएफ घ्या. चेतापेशींच्या वाढीला मदत करणारं प्रथिन. ओसीडीत ते रक्तात कमी असतं असं बऱ्याच अभ्यासांत निघालं. ऐकायला एकदम पटतं. पण रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये साठलेलं असतं. रक्त गोठताना प्लेटलेट ते ओततात, म्हणून सीरममध्ये ते प्लाझ्मापेक्षा (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) कितीतरी जास्त भरतं. लाल झाकणाच्या नळीत घेतलं की जांभळ्या, सेंट्रिफ्यूजला लावण्याआधी नळी किती वेळ टेबलावर राहिली, यावर आकडा हलतो. आणि ते नैराश्यातही कमी सापडतं. मग कमी आलं तर नाव कशाचं घ्यायचं?

हौंस्लोकर

इथे लंडनमध्ये ती इमूडची बातमी पेपरात आली तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही फिरली होती, त्याच मथळ्यासकट.

दाहाबद्दल एक विचारू का? टोरोंटोच्या लोकांनी ओसीडीत मेंदूला 'सूज' असते असं दाखवलं होतं ना? मग सीआरपी, इंटरल्युकिन वगैरे रक्तात दिसायला नको?

रक्तपेशी

दाखवलंय, २०१७ साली. पेट स्कॅनवर, २० रुग्ण आणि २० निरोगी. त्या मंडलातल्या भागांत दाहाची खूण ३० टक्क्यांहून जास्त. त्यावरून रक्तातही दाह वाढलेला असेल असं कुणालाही वाटेल. पण रक्तातल्या सायटोकाइन प्रथिनांवरचे (दाहाचे निरोप पोचवणारी प्रथिनं, इंटरल्युकिन म्हणजे आयएल त्यातलीच) तोवरचे अभ्यास २०१२ साली एकत्र करून पाहिले होते, तेव्हा आयएल-६ आणि टीएनएफ-आल्फात ठोस फरक निघाला नव्हता, आणि आयएल-१ बीटा तर चक्क कमी निघालं होतं. मेंदूत एक, दंडात दुसरंच. ज्यांना 'दाह कमी करणारं डाएट' विकायचंय ते फक्त पेट स्कॅनचा फोटो लावतात.

कोकणकडा

मला आठवतंय, प्रेमात पडलेल्यांचं आणि ओसीडीवाल्यांचं रक्त सारखंच असतं असंही काहीतरी वाचलं होतं. ते खरं की व्हॉट्सअॅप विद्यापीठ?

रक्तपेशी

खरं! इटलीतल्या पिसा विद्यापीठातल्या दोनातेल्ला माराझ्झीती आणि सहकाऱ्यांचा १९९९ सालचा अभ्यास. सेरोटोनिन आत ओढून घेणारं एक वाहक प्रथिन असतं. ते चेतापेशींवर असतं तसंच प्लेटलेटवरही असतं, म्हणून मेंदूच्या जागी प्लेटलेट तपासायची जुनी पद्धत. त्यांनी तीन गट घेतले, प्रत्येकी २० जण: औषध न घेणारे ओसीडीचे रुग्ण, नुकतेच प्रेमात पडलेले, आणि दोन्हीतून सुटलेले. पहिल्या दोन गटांत हे वाहक प्रथिन सारखंच कमी. वर्ष-दीड वर्षाने काही प्रेमवीरांना पुन्हा तपासलं, तर ते पूर्ववत. त्यांना २००० सालचं रसायनशास्त्राचं इग्-नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

हसून झालं की एक गोष्ट लक्षात घ्या. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ओसीडीसाठी रक्तातली सगळ्यात आशादायक खूण हीच होती, आणि ती प्रेमातही तेवढीच खाली जाते.

सायली, तुमच्यासाठी कामाचं म्हणजे सर्ट्रालिन बरोबर याच वाहकाला अडवतं. प्लेटलेट सेरोटोनिन स्वतः बनवत नाहीत, याच वाटेने आत घेतात. गोळी चालू असताना प्लेटलेटमधलं सेरोटोनिन खाली जाणारच, ते औषधाचं काम आहे. त्यामुळे कुठे 'सेरोटोनिन टेस्ट' दिसली तर तिकडे वळू नका. आणि टेस्टसाठी गोळी चार दिवस बंद करा असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका.

कोकणकडा

म्हणजे बायकोला म्हणायला मोकळा: तेव्हा माझं प्लेटलेट ठीक नव्हतं :)

डॉक्टरभाऊ

धागा उशिरा पाहिला. मानसोपचारात आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. रक्तपेशींच्या जवळपास सगळ्याशी सहमत. फक्त 'करून घ्यायला हरकत काय' हा सायलीताईंचा दुसरा प्रश्न अजून मोकळाच राहिलाय. हरकत आहे, आणि ती आकड्यांतच दाखवतो, बाबा बँकेतले आहेत तर त्यांना हिशोब आवडेल.

समजा उद्या कुणी खरंच ओसीडीची चांगली प्रथिन-तपासणी काढली. १०० रुग्णांतल्या ९० जणांना पकडते, १०० निरोगींतल्या ९० जणांना मोकळं सोडते. इतकी चांगली आज नाहीच, पण धरू. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ओसीडीचं प्रमाण ०.८ टक्के निघालं (त्यात महाराष्ट्र नव्हता, तो भाग वेगळा). म्हणजे १,००० माणसांत ८ रुग्ण. तपासणी त्यातले ७ पकडेल. उरलेल्या ९९२ निरोगींपैकी ९९ जणांनाही 'पॉझिटिव्ह' म्हणेल. १०६ पॉझिटिव्ह कागद, त्यात खरे ७.

कोकणकडा

थांबा डॉक्टर. सायलीचा भाऊ काही रस्त्यावरून उचललेला माणूस नाही. त्याला लक्षणं आहेत. तिथे हा हिशोब लागू नाही.

डॉक्टरभाऊ

बरोबर पकडलंत, तिथे हिशोब उलटा होतो, आणि मला धास्ती त्याचीच आहे. लक्षणं स्पष्ट असलेले, तज्ज्ञाने तपासलेले १०० जण घ्या. समजा त्यातल्या ९० जणांना खरंच ओसीडी आहे. हीच तपासणी त्या ९० पैकी ९ जणांना 'नॉर्मल' म्हणेल. आणि ज्यांना ओसीडी नाही अशा १० पैकी ९ जणांनाही 'नॉर्मल'. १८ नॉर्मल कागद, त्यातले निम्मे खोटे. आता सांगा, तो नॉर्मल कागद घरी आला की बाबा काय म्हणतील?

हे तर चांगल्या तपासणीचं झालं. तुमचं पॅनल ओसीडीकडे बघतच नाही, त्यामुळे सगळं 'नॉर्मल' येण्याचीच शक्यता जास्त. बाबा म्हणतील, 'बघ, काही नाहीये तुला, नाटकं बंद कर.' माझ्या ओपीडीत असे कागद घेऊन येणारे पालक नेहमी असतात. मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो.

इतिहासही बाबांना सांगा. रक्ताने मन वाचायचा हा पहिला प्रयत्न नाही. १९८१ साली डेक्सामेथासोन तपासणी (ते औषध देऊन रक्तातलं कॉर्टिसॉल मोजायचं) तीव्र नैराश्याची पहिली खात्रीलायक चाचणी म्हणून गाजली होती. काही वर्षांत लक्षात आलं की ती इतर आजारांत, उपाशी राहिल्यावर, वजन घटल्यावरही पॉझिटिव्ह येते. २०१० साली अमेरिकेत स्किझोफ्रेनियासाठी ५१ प्रथिनांची व्हेरिसाइक नावाची रक्ततपासणी बाजारात आली. आज ती मिळत नाही. दोन्ही वेळी संशोधक हुशारच होते. पण रुग्ण ठणठणीत माणसांपेक्षा वेगळा दिसतो, एवढ्याने भागत नाही. ओपीडीत माझ्यासमोर ठणठणीत माणूस बसलेला नसतो. ओसीडी, नैराश्य, चिंता, ऑटिझम, सायकोसिस यांतलं काय, एवढंच मला ठरवायचं असतं.

तिसरी_घंटा

मी स्वतः ओसीडीची पेशंट. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज लिहितेय.

सगळे बाबांबद्दल बोलताय. भावाबद्दल बोलू का? माझा चळ रोगांचा. सलूनमध्ये सुई किंवा ब्लेड लागलं असेल, एचआयव्ही झाला असेल. टेस्ट केली, निगेटिव्ह आली. ती सुटका संध्याकाळपर्यंत टिकली. मग डोक्यात आलं, विंडो पीरियड असेल, म्हणजे संसर्ग होऊनही टेस्टमध्ये न दिसण्याचा काळ. पुन्हा टेस्ट. मग सँपलची अदलाबदल झाली असेल. मग दुसरी लॅब. तिथली मुलगी मला नावाने ओळखायला लागली होती. एक क्षण असा यायचा की पॉझिटिव्ह आला तर बरं, निदान संपेल तरी.

ओसीडीवाल्याला रिपोर्ट पुरत नाही. ज्या आजाराचं कामच 'पण खात्री आहे का?' विचारत राहणं, त्याच्या हातात तुम्ही आकडे देताय. तुमचा भाऊ मेल पुन्हा पुन्हा उघडून पाहतो ना? उद्या तो होमोसिस्टीनची रेंज उघडून पाहील. ईआरपी थेरपीत आम्हाला नेमकं हेच शिकवतात: खात्री न करता तसंच बसून राहायचं, अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत. आणि घरात कुणी तरी सकाळी उपाशीपोटी खात्री करायला घेऊन निघालंय.

सायली_के

तिसरी_घंटा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खूप आभार. भावाला विचारलं. तो म्हणाला, "टेस्ट करूया की, कळेल तरी मी खोटं बोलत नाहीये ते." म्हणजे त्यालाही हवीय, वेगळ्या कारणासाठी.

तिसरी_घंटा

तेच कारण माझंही होतं. त्याला सांगा की मी विश्वास ठेवते. आणि ते एकदाच सांगा, रोज नको :)

मिरजकर_वहिनी

माझ्या भाच्याच्या मुलाला, वय सात, एका आठवड्यात अचानक हात धुण्याचा चळ लागला, डोळे मिचकावणं, रात्री आईला सोडेना. त्याच्या डॉक्टरांनी एएसओ नावाची रक्ततपासणी केली आणि ती वाढलेली आली. मग ही रक्तात दिसणारी ओसीडी नव्हे का?

डॉक्टरभाऊ

वहिनी, हा एक कोपरा असा आहे जिथे रक्त तपासण्याला खरंच अर्थ आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या सुझन स्वीडो यांनी १९९८ साली अशा ५० मुलांचं वर्णन केलं: स्ट्रेप्टोकोकस जंतूचा घसा झाल्यानंतर एकाएकी सुरू झालेला चळ किंवा टिक्स, म्हणजे डोळे मिचकावण्यासारख्या आपोआप होणाऱ्या हालचाली. त्याला 'पँडास' म्हणतात. त्यामागचा तर्क संधिवाताच्या तापातून आला. त्या तापानंतर काही मुलांना सिडनहॅम कोरिया होतो, हातपाय आपोआप वळवळतात, आणि त्यांच्यात ओसीडीची लक्षणंही दिसतात. आपल्याकडच्या जुन्या बालरोगतज्ज्ञांना हा कोरिया पुस्तकातून शिकावा लागला नाही, वॉर्डात दिसायचा.

पण एएसओ वाढलं याचा अर्थ अलीकडे स्ट्रेप्टोकोकस होऊन गेला, इतकाच. शाळकरी वयात तो वारंवार होतो, त्यामुळे ठणठणीत मुलांतही एएसओ वाढलेलं सापडतं. एका आकड्यावर पँडास ठरत नाही. चळ एका आठवड्यात लागला हा इतिहासच महत्त्वाचा. मुलाला बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना दाखवा, हृदयाची तपासणी झालीय का ते विचारा, आणि हात-पाय-चेहरा वळवळतोय असं वाटलं तर थांबू नका.

परदेशात याच्यासाठी एक महागडं अँटिबॉडी पॅनलही विकतात. स्वीडनमधल्या २०१७च्या अभ्यासात ते निरोगी लोकांपैकी बहुसंख्यांतही 'पॉझिटिव्ह' निघालं.

हौंस्लोकर

तरीपण इतकं निराश कशाला? यूके बायोबँकमध्ये, म्हणजे संशोधनासाठी लोकांचं रक्त साठवणाऱ्या इथल्या प्रकल्पात, मी २००८ साली रक्त देऊन आलोय. त्याच साठ्यातल्या सुमारे ५४,००० लोकांच्या रक्तातली जवळपास ३,००० प्रथिनं मोजून २०२३ साली प्रसिद्ध केली. माझी प्लाझ्माची नळी त्यात असेल-नसेल, पण ४३ माणसं कुठे आणि ५४,००० कुठे.

रक्तपेशी

निराश नाहीच. हा रस्ता मला इमूडपेक्षाही जास्त आश्वासक वाटतो, पण तो निदानाकडे जात नाही. २०२५ साली ओसीडीच्या जनुकांचा आजवरचा सगळ्यात मोठा अभ्यास आला: ५३,६६० रुग्ण, विसेक लाख निरोगी, जनुकसंचातल्या ३० जागा. आता करता येतं ते असं: जन्मजात एखादं प्रथिन रक्तात जास्त असलेल्या लोकांत ओसीडी जास्त आढळतो का, ते जनुकांवरून तपासायचं. जनुक आजाराच्या आधी ठरलेले असतात, त्यामुळे आजाराने प्रथिन वाढलं की प्रथिनाने आजार, हा घोळ बराच सुटतो. गोळ्या, उपास, नळीचं झाकण यांचाही त्रास कमी. त्यातून औषधाला नवीन लक्ष्य मिळू शकतं. पण अशा एकेका प्रथिनाचा वाटा इतका बारीक असतो की त्यावरून अमुक माणसाला ओसीडी आहे की नाही हे सांगता यायचं नाही.

अडचण हीसुद्धा की अशा साठ्यांतले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. हौंस्लोकर, तुमच्यासारखे फार थोडे.

सायली_के

बाबांना आकडे वाचून दाखवले. १८ कागदांतले ९ खोटे हे त्यांनी स्वतः पेन्सिलने करून पाहिलं आणि गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, रक्त नाही तर नाही. पण काहीतरी आकडा लागतोच ना, सुधारणा मोजायला?" यावर काय सांगू?

डॉक्टरभाऊ

आकडा आहे. वाय-बॉक्स, ओसीडीची तीव्रता मोजणारी प्रश्नावली, १९८९ पासून जगभर वापरतात. दहा प्रश्न, एकूण ४० गुण. विचारांत किती वेळ जातो, किती त्रास होतो, किती विरोध करता येतो, मग तेच कृतींबद्दल. १६ ते २३ मध्यम, २४च्या पुढे तीव्र. उपचारांनी गुण साधारण ३५ टक्के उतरले तर प्रतिसाद चांगला मानतात. गोळ्यांचा अंदाज यायला ८ ते १२ आठवडे जातात, तेही योग्य मात्रेवर, आणि ओसीडीत ती नैराश्यापेक्षा बरेचदा जास्त लागते. बाबांना सांगा, गप्पा वाटतात त्यात हे चाललेलं असतं.

तिसरी_घंटा

डॉक्टर, माफ करा पण माझा स्कोर माझ्या वडिलांनी वहीत लिहून ठेवलेला मला चालला नसता. गेल्या महिन्यात १९, आता २१, का वाढला, गोळी घेतलीस का.

डॉक्टरभाऊ

मान्य. वही बाबांकडे नको. स्कोर भावाचा आणि त्याच्या थेरपिस्टचा. बाबांना काय आणि किती सांगायचं ते भावाने ठरवायचं. बाबांना काम हवंच असेल तर त्यांना एका सेशनला बोलावून घ्या. 'गॅस बंद आहे ना?' असं मुलाने विचारल्यावर घरच्यांनी काय बोलायचं आणि काय नाही हे शिकायला लागतं, आणि ते कुठल्याही पॅनलपेक्षा स्वस्त पडतं.

सायली_के

गॅसचं उत्तर तर आम्ही तिघंही रोज देतो. आई सगळ्यात जास्त.

डॉक्टरभाऊ

मग आईंनाही न्या. आणि उत्तरं एका दिवसात तोडू नका. कुठलं आधी बंद करायचं ते थेरपिस्ट भावाबरोबर बसून ठरवतील.